आठशे सीसीची गाडी आणि रोजचे १६० किलोमीटर

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या पाच-सहा जणांनी छोटी गाडी घेऊन रोजचं लांबचं जाणं-येणं सुरू केलं. दोघांनी तीन महिन्यांत सोडून दिलं, एकाचं इंजिन उघडावं लागलं, एक जण कंबरदुखीने रजेवर गेला. गाड्या सगळ्यांच्या धड होत्या आणि चुकाही सगळ्यांच्या त्याच होत्या. भाजी आणायची गाडी होती तशी हायवेला लावली, सर्व्हिस महिन्यांवर मोजली आणि पहिल्याच दिवशी मोठ्या गाड्यांच्या बरोबरीने पळवली.

मी वाईहून पुण्यातल्या वारज्याला जातो. एका बाजूला ऐंशीच्या आसपास किलोमीटर. सुरूर फाटा, खंबाटकीचा बोगदा, खंडाळा, शिरवळ, खेड-शिवापूरचा टोलनाका, कात्रजचा नवा बोगदा, नवले पूल. उदाहरणं याच रस्त्यावरची देतो, कारण तोच मला पाठ आहे. तुमचा रस्ता सिन्नर-नाशिक असो की म्हापसा-मडगाव, टप्पे याच क्रमाने घ्या. बहुतेक जण टप्पा सहापासून सुरुवात करतात आणि मग मागे येतात.

## टप्पा १ : आधी वही, मग चावी

१. रोजचे १६० किमी, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ४,००० किमी. वर्षाला ४८,०००. गावात गाडी वापरणारा चार-पाच वर्षांत जेवढं अंतर कापतो तेवढं तुम्ही एका वर्षात कापणार. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहा. पुढचं सगळं त्यावर चालतं.

२. त्याच आकड्याने बाकीचं भागा. सर्व्हिस दर १०,००० किमीला असेल तर ती अडीच महिन्यांनी येणार. टायर ४०,००० गेले तर दहा महिने. वॉरंटी ‘३ वर्षे किंवा १ लाख किमी, जे आधी होईल ते’ अशी असेल तर ती तुमच्यासाठी पंचवीस महिन्यांची आहे. वाढीव वॉरंटी विकणारा वर्षं मोठ्याने सांगतो. किलोमीटरची मर्यादा तुम्ही स्वतः वाचा.

३. इंधन. लिटरला २० किमी धरले तर रोज ८ लिटर, महिन्याला २००. लिटरचा दर शंभरच्या पुढे असताना हा खर्च घरभाड्याएवढा होतो. कंपनीचा मायलेजचा आकडा धरू नका. टाकी फुल करा, चार दिवस चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. टाकीचा आकारही बघून ठेवा. जुन्या आल्टो ८०० ची ३५ लिटरची होती, नव्या आल्टो के-१० ची २७ आहे. २७ लिटरवर दर तिसऱ्या दिवशी पंपावर जावं लागतं, म्हणून पंप आणि वेळ आधीच ठरवा. सकाळी सातला रांगेत उभं राहायचं नसेल तर संध्याकाळी भरा.

४. टोल. खाजगी गाड्यांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष असा होता. नाका एकदा ओलांडला की एक फेरी, म्हणजे फेरीला १५ रुपये. पण तुम्ही रोज दोनदा ओलांडणार. महिन्याला ५० फेऱ्या, पास चार महिन्यांत संपला. वर्षाला तीन पास धरा. ‘वार्षिक’ या शब्दावर विसंबलेला माझा एक सहकारी पाचव्या महिन्यात टोलचे मेसेज बघून चक्रावला होता. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी राज्याच्या महामंडळाकडे आहेत, तिथे नेहमीचाच टोल कापला जातो.

सीएनजीबद्दल सगळे विचारतात. एवढ्या किलोमीटरला सीएनजीचे पैसे लवकर वसूल होतात, यात वाद नाही. पण छोट्या गाडीत डिकी जाते, मागचं वजन वाढतं आणि घाटात ताकद कमी पडते. पंपावरची रांग हिशेबात धरा. तुमच्या वेळेला पाऊण तासाची रांग असेल तर वाचलेले पैसे झोपेतून जातात. घ्यायचीच तर कंपनीतून बसवलेली घ्या, सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्या आणि टाकीत पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा.

तपासा : इंधन, टोल, सर्व्हिस आणि टायर मिळून महिन्याचा आकडा काढा. त्यासमोर एसटीचा पास आणि पुण्यातल्या खोलीचं भाडं लिहा. फरक बघून पोटात गोळा आला तर इथेच थांबा. पुढचे टप्पे नंतर वाचता येतील.

## टप्पा २ : गाडी या कामाला लायक आहे का

जुनी गाडी घेत असाल तर बनावटीचा महिना बघा. १ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक लागला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याच वर्षी १ जुलैपासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि ८० च्या वर गेल्यावर वाजणारी घंटी आली. रोज हायवेला जायचं असेल तर त्याआधीची स्वस्त गाडी घेऊ नका. वाचलेले चाळीस-पन्नास हजार पहिल्या ओल्या ब्रेकला महाग पडतात.

आठशे सीसी की हजार सीसी? सपाट रस्त्यावर एकटेच जात असाल तर आठशे पुरते. जुन्या आल्टोचं ७९६ सीसीचं इंजिन ४८ पीएस (अश्वशक्ती) देतं, हजाराचं ६७ च्या आसपास. हा फरक घाटात, एसी लावून, दोन माणसं बसवल्यावर कळतो. माझी पहिली गाडी आठशेची होती. चालली, पण संध्याकाळी खंबाटकी चढताना एसी बंद करावा लागायचा आणि एप्रिल-मेमध्ये तो वीस मिनिटांचा घाम रोजचा झाला होता. घाट असेल तर हजारच घ्या. नॅनो गावात फिरवायला मला अजून आवडते, पण चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी रोज ट्रकांमध्ये नेऊ नका.

गाडी घरची असेल तर गॅरेजमध्ये या क्रमाने काम काढा :

१. ब्रेक. पॅड, मागचे लायनर, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर बदलाच.

२. टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी उभ्या गाडीचे पाच-सहा वर्षांचे टायर या कामाला नकोत.

३. कूलिंग. कूलंट, होस पाइप, रेडिएटरचा पंखा. गाडी चालू ठेवून पंखा फिरेपर्यंत समोर उभे राहा. अनेक छोट्या गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

४. खालचा भाग : शॉकअब, बुश, बॉल जॉइंट, मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. बॅलन्सिंग गावातल्या वेगात जाणवत नाही. ७० च्या पुढे स्टेअरिंग थरथरलं की कळतं.

५. सगळ्यात शेवटी इंजिन : प्लग, फिल्टर, ऑइल, बेल्ट.

लोक नेमकं उलट करतात. इंजिन ‘ट्यून’ करतात, नवे सीट कव्हर घालतात, म्युझिक सिस्टिम बसवतात आणि टायर पुढच्या दिवाळीपर्यंत ढकलतात.

टायरबद्दल थोडं जास्त, कारण छोट्या गाडीची खरी ताण सोसणारी वस्तू तीच. १४५/८० आर १२ हा टायर किलोमीटरला साधारण ५९० वेळा फिरतो. मोठ्या हॅचबॅकचा १८५/६५ आर १५ फिरतो ५१० वेळा. त्याच रस्त्यावर तुमचं चाक सहाव्या हिश्श्याने जास्त फिरतं, जास्त तापतं आणि व्यास लहान म्हणून खड्ड्यात जास्त खोल जातं.

सावध : ‘हायवेला रुंद टायर घाला’ असा सल्ला मिळेल. आठशे सीसीच्या गाडीला रुंद टायर घातला की पिकअप बसतो, स्टेअरिंग जड होतं, मायलेज पडतं. व्यास बदलला तर स्पीडोमीटरही चुकीचं दाखवतो. कंपनीने दिलेलाच साइज ठेवा, फक्त चांगल्या प्रतीचा घ्या.

## टप्पा ३ : बसायची जागा

हा टप्पा सगळे वगळतात आणि दीड महिन्याने डॉक्टरकडे जातात. छोट्या गाडीची सीट आखूड असते. मांडीचा पुढचा भाग अधांतरी राहतो आणि सगळा भार कंबरेवर येतो.

१. बूट घालून बसा. ढुंगण सीटच्या अगदी मागे टेकवा.

२. क्लच पूर्ण दाबा. त्या स्थितीत डावा गुडघा किंचित वाकलेला राहील इतपत सीट पुढे घ्या. पाय ताठ होत असेल तर सीट लांब आहे.

३. पाठ टेकवलेली ठेवून मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवा. खांदा सीटवरून उचलावा लागला तर पाठ उभी करा. उंच माणसं इथे अडतात, कारण या गाड्यांत स्टेअरिंग बहुधा वर-खाली होत नाही. त्यांनी पायाला झुकतं माप द्यावं.

४. कंबरेच्या पोकळीत गुंडाळलेला टॉवेल ठेवा. बाजारातल्या जाड उशीपेक्षा तो बरा, कारण जाडी कमी-जास्त करता येते. बसायच्या जागेवर घसरणारी गादी ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर बेल्टखालून शरीर पुढे सरकतं.

५. आरसे शेवटी लावा, सीट पक्की झाल्यावर.

डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय असेल तर आजच सोडा. दीडशे किलोमीटर रोज अर्धा दाबलेला क्लच वर्षभरात प्लेट खातो. पाय टेकवायला जागा नसते ही खरी अडचण आहे. क्लचच्या डावीकडे मॅटवर टाच ठेवा.

एक गोष्ट मला पहिल्या उन्हाळ्यात कळली. सकाळी वाईहून उत्तरेला जाताना सूर्य उजवीकडे, संध्याकाळी दक्षिणेला येताना तोही उजवीकडे, आणि आपण बसतो उजवीकडेच. दोन महिन्यांत उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा झाला. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला.

तपासा : ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली, सुटी चप्पल, दुहेरी मॅट यांपैकी काहीही नको. बाटली गडगडत ब्रेकखाली जाते आणि ती नेमकी उतारावरच जाते.

## टप्पा ४ : रविवारचा अर्धा तास

- हवा. गाडी थंड असताना, घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे. आकडा त्याला विचारू नका, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तकात लिहिलेला असतो. वीस-पंचवीस किलोमीटर चालल्यावर हवा तपासली तर ती तीन-चार पीएसआयने जास्त दिसते आणि पंपावरचा मुलगा ती ‘बरोबर’ करून देतो. म्हणजे सोमवारी सकाळी तुम्ही कमी हवेवर निघता. ही चूक मी इतक्यांची बघितली आहे की ती वेगळ्या कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवावीशी वाटते.
- स्टेपनी. तिच्यातही हवा भरा, दर पंधरा दिवसांनी.
- इंजिन ऑइल. सपाट जागी, थंड इंजिन, ऑइल मोजायची काडी पुसून पुन्हा घालून. या गाड्यांत ऑइल तीन लिटरच्या आसपास मावतं. त्यातलं अर्धा लिटर कमी झालं तर सहावा हिस्सा गेला.
- कूलंट, काच धुण्याचं पाणी, ब्रेक ऑइलची पातळी.
- चारी बाजूचे दिवे. ब्रेकलाइट बघायला भिंतीला पाठ करून गाडी लावा आणि आरशात बघा.
- काच आतून पुसा. बाहेरून सगळेच पुसतात.

## टप्पा ५ : पहिले दोन आठवडे

पहिली फेरी ऑफिसच्या दिवशी करू नका. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर जा आणि या. उद्देश वेळ मोजणं नाही. उजेड कुठे जातो, रस्ता कुठे अरुंद होतो, थांबायला सुरक्षित जागा कुठे आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे, हे टिपा. परत आल्यावर चारही चाकांना हात लावा. एकच चाक जास्त गरम असेल तर ब्रेक धरतो आहे.

मग पहिला आठवडा दिवसाआड जा, मधल्या दिवशी एसटी. दुसऱ्या आठवड्यात चार दिवस. शरीराला आणि गाडीला एकदम सहा दिवस जुंपलं की दोघांच्याही तक्रारी एकत्र येतात आणि कशाचं काय कारण ते कळत नाही.

आजही मी बुधवारी एसटीने जातो. किलोमीटर कमी होतात आणि गॅरेजला गाडी द्यायला एक दिवस मोकळा मिळतो.

## टप्पा ६ : रस्त्यावर

वेग. सत्तर ते ऐंशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो आणि छोट्या इंजिनाकडे तो झेलायला शिल्लक काही नसतं. बदल्यात काय मिळतं? माझ्या रस्त्यात मोकळा पट्टा साठ किलोमीटरचा. ऐंशीने ४५ मिनिटं, शंभरने ३६. ती नऊ मिनिटं टोलनाका आणि नवले पुलाची रांग रोज परत घेतात. ऐंशीची घंटी वाजते ती तार कापून बंद करणारे आहेत. तिला वाजू द्या.

आतल्या उजव्या लेनमध्ये रेंगाळू नका. ओव्हरटेक झालं की डावीकडे या. सत्तरने चाललेल्या ट्रकामागे पंचाहत्तरने चालायची इच्छा असेल तर ओव्हरटेकच करू नका, मागे राहा.

अंतर. पुढची गाडी पाटीजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. म्हणून होण्याआधी तुम्ही पाटीशी पोचलात तर जवळ आहात. ऐंशीला दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर. पावसात चार सेकंद. त्या फटीत कोणीतरी घुसेल. घुसू द्या आणि पुन्हा मागे सरका. दिवसात वीस जण घुसले तरी तुमची एक-दोन मिनिटं जातात.

ट्रक आणि बस. तुमची गाडी साडेसातशे किलोच्या आसपास, शेजारचा भरलेला मल्टीअॅक्सल ट्रक चाळीस-पन्नास टन. ओव्हरटेक असं करा :

१. बरेच मागे असतानाच उजव्या लेनमध्ये या. अगदी पाठीशी जाऊन बाहेर निघू नका.

२. दोन्ही हात स्टेअरिंगवर, एक गिअर खाली, मग एका दमात पुढे. त्याच्या चाकांच्या बाजूला रेंगाळू नका.

३. ट्रकची केबिन ओलांडताच डावीकडून हवेचा धक्का बसतो. आधी माहीत असेल तर काही वाटत नाही. माहीत नसेल तर माणूस घाबरून स्टेअरिंग ओढतो.

४. आतल्या आरशात ट्रकची पूर्ण केबिन दिसल्यावरच डावीकडे या.

ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. बुटक्या गाडीच्या बाबतीत हे दुपटीने खरं.

बोगदा. खंबाटकीच्या तोंडाशी पोचायच्या आधी दिवे लावा, गॉगल काढा. आत लेन बदलू नका. साताऱ्याकडून येताना जुना बोगदा संपताच उतार आणि एस आकाराचं वळण आहे. बोगद्यातला वेग तसाच घेऊन बाहेर पडलेल्यांनी तिथे खूप अपघात केले आहेत. नव्या बोगद्यांचं काम निघाल्यापासून इथला रस्ता अनेकदा वळवला गेला. कालचा रस्ता आज तसाच असेल असं धरू नका, पाट्या वाचा.

नवले पुलाचा उतार. या लेखातली सर्वांत महत्त्वाची जागा. कात्रजचा नवा बोगदा, दरीपूल, स्वामीनारायण मंदिर आणि मग नवले पूल. हा सगळा उतार आहे आणि खाली वाहतूक तुंबलेली असते. काही अवजड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रलवर येतात, ब्रेक तापतात आणि लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका अवजड वाहनाने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या होत्या.

१. बोगद्यातून बाहेर पडताच वेग कमी करा आणि तिसरा गिअर टाका. उतार इंजिनाच्या जोरावर उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर तुमचेही तापतील.

२. न्यूट्रल कधीच नाही. आजकालच्या गाडीत गिअरमध्ये एक्सलेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेतच नाही. न्यूट्रलला मात्र घेतं. म्हणजे वाचत काहीच नाही.

३. मागे भरलेला ट्रक असेल तर त्याच्यापुढे राहू नका. सुरक्षित असेल तेव्हा लेन बदला आणि त्याला जाऊ द्या.

४. रांगेच्या शेपटीला थांबायचं असेल तर हजार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावा, पुढच्या गाडीपासून एक गाडीचं अंतर सोडा, पहिल्या गिअरमध्ये राहा आणि मागची गाडी थांबेपर्यंत आरशावरची नजर काढू नका. ती सोडलेली जागा म्हणजे निसटायची वाट.

मी दरीपुलापासून खाली येईपर्यंत रेडिओ बंद ठेवतो. घरच्यांना माहीत आहे, त्या दहा मिनिटांत फोन लावायचा नाही.

घाट चढताना. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना जुन्या रस्त्याने खंबाटकीचा घाट चढावा लागतो. चौथ्या गिअरमध्ये इंजिन घुरघुरायला लागलं की लोक एक्सलेटर अजून दाबतात. ते चूक आहे. गती पडायच्या आत तिसरा टाका, वळणाआधी दुसरा. इंजिन मोठ्याने वाजलं तरी चालेल, अडखळलं तर नाही. एसी पायथ्याशीच बंद करा, मधेच नको. ट्रकांची रांग लागली तर हाफ क्लचवर गाडी तोलू नका, हँडब्रेक ओढा.

लाल तापमानाचा दिवा लागला तर बाजूला घ्या, हीटर पूर्ण लावा, बोनेट उघडा आणि वाट बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. अर्ध्या तासाच्या घाईत हात भाजून घेतलेला माणूस मी ओळखतो.

सावध : इंधनाचा खर्च वाटून घ्यायला तीन सहकारी रोज बरोबर घेणार असाल तर त्या वजनाने घाट, ब्रेक आणि मायलेज तिन्हींचा हिशेब बदलतो. मागच्यांनाही बेल्ट लावायला लावा. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं आकारून प्रवासी नेणं परवान्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारते.

## टप्पा ७ : पाऊस, रात्र आणि ऊस

पावसात अरुंद टायर पाणी कापतो, ही छोट्या गाडीची जमेची बाजू. पण नक्षी १.६ मिमीच्या खुणेपर्यंत घासायची वाट बघू नका, ३ मिमीला बदला. वायपरचं रबर मेअखेर नवं घ्या. सर्व्हिस रोडच्या भुयारी मार्गात पाणी असेल तर पुढचा टेम्पो गेला म्हणून तुम्ही जाऊ नका. त्याचं एअर फिल्टर तुमच्या खिडकीच्या उंचीला असतं.

रात्री दिव्यांचा रोख तपासून घ्या. वीजवाल्याकडून दोनशे रुपयांत पांढरे झगझगीत एलईडी बसवून घेऊ नका. समोरच्याचे डोळे दिपतात, पावसात तुम्हालाही काही दिसत नाही.

नोव्हेंबरपासून गाळप हंगाम. सुरूर, भुईंज, वाई या पट्ट्यात अंधार पडला की उसाच्या जोडट्रॉल्या निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला, वेग पंधरा-वीस. हायवेवरून फाट्याला वळलात की पहिल्या मिनिटातच वेग चाळीसवर आणा. डिपरच्या उजेडात दिसेपर्यंत ट्रॉली दहा मीटरवर आलेली असते.

आणि झोप. ती खंबाटकी चढताना येत नाही, घाट उतरून सरळ रस्ता लागला की येते. खिडकी उघडणं, गाणी लावणं, चहा, याने पाच मिनिटं ढकलता येतात. एकच जांभई दोनदा आली की पेट्रोल पंपावर उजेडात गाडी लावून वीस मिनिटं झोपा.

## टप्पा ८ : सर्व्हिस

मीटरच्या आकड्याने वहीत पुढची तारीख लिहा. पुस्तकात दोन तक्ते असतील तर ‘अवघड वापर’ हा बघा. घाट आणि धूळ असलेला रस्ता त्यात मोडतो.

- ऑइल आणि ऑइल फिल्टर : मी ८,००० ला बदलतो, म्हणजे दोन महिन्यांनी.
- एअर फिल्टर : प्रत्येक वेळी काढून बघा. शिरवळ-खंडाळ्याच्या कामांची धूळ त्यात दिसते.
- टायर फिरवणं (पुढचे मागे, मागचे पुढे), अलाइनमेंट, बॅलन्सिंग : ८,००० लाच, त्याच दिवशी.
- ब्रेक पॅड : चाक काढलेलं असतानाच स्वतः बघा. ‘पन्नास टक्के आहेत साहेब’ यावर थांबू नका. तुमचे पन्नास टक्के तीन-चार महिन्यांत संपतात, इतरांचे दीड वर्ष टिकतात.

गॅरेजवाल्याला पहिल्याच भेटीत सांगा की गाडी महिन्याला चार हजार चालते. मी सांगितलं नव्हतं. त्याने माझी गाडी वर्ष बघून ‘नवीनच आहे’ म्हणत कूलंट आणि ब्रेक ऑइल दोन्ही पुढे ढकलले. तेव्हा मीटर साठ हजारांवर होतं.

## टप्पा ९ : बंद पडली तर

डिकीत : त्रिकोणी रिफ्लेक्टर, जॅक आणि पाना, टॉर्च, जंपर केबल, दोन लिटर साधं पाणी, चमकती पट्टी असलेलं जाकीट. पाना आधी घरी वापरून बघा. गॅरेजच्या मशिनने आवळलेले नट हाताने निघत नाहीत, हे पावसात रस्त्यावर कळण्यात अर्थ नाही.

१. हजार्ड लावा, जितकं डावीकडे जाता येईल तितकं जा. चाक पंक्चर असलं तरी हळू पुढे न्या. रिम खराब झाली तर बदलता येते.

२. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरा आणि कठड्याच्या पलीकडे उभे राहा. गाडीत बसून फोन करू नका.

३. त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे ठेवा. वळण किंवा उतार असेल तर त्याच्याही आधी.

४. उजव्या बाजूचं चाक रहदारीकडे असेल तर स्वतः बदलू नका.

५. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे. जागा सांगताना ‘खंबाटकीच्या जवळ’ म्हणून भागत नाही. दुभाजकावरचा किंवा कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून सांगा, आणि पुण्याच्या दिशेची बाजू की साताऱ्याच्या, तेही. दुसऱ्या बाजूला आलेल्या गाडीला वळून यायला पुढचा फाटा गाठावा लागतो.